चोच मिटून ओरडणाऱ्याचं झाड

तांबट चोच मिटून ओरडतो.

एप्रिलच्या भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही असं आपण म्हणतो, नेमकं तेव्हाच हे पाखरू कामाला लागलेलं असतं. टुक्, टुक्, टुक्. एकाच पट्टीतला, एकाच लयीतला ठोका, मिनिटाला शंभरच्या आसपास, आणि थांबायचं नाव नाही. हा आवाज न ऐकलेला माणूस महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. पण आवाज चालू असताना पक्ष्याची चोच बंद असते, हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. दुर्बीण लावून बघा. प्रत्येक ठोक्याला गळ्याच्या दोन्ही बाजूंची उघडी कातडी फुगते, बसते, पुन्हा फुगते. मान इकडून तिकडे वळत राहते, त्यामुळे आवाज घटकेत समोरच्या इमारतीमागून आल्यासारखा वाटतो, घटकेत आपल्याच गच्चीवरून. आपण चारी दिशांना बघत बसतो आणि चिमणीहून जेमतेम मोठा असा तो हिरवा गोळा समोरच, शेंड्याच्या वाळक्या काटकीवर, अगदी उघड्यावर बसलेला असतो. कपाळ लाल, छातीवर लाल पट्टा, डोळ्याभोवती पिवळं. एवढे रंग अंगावर घेऊन लपणं त्यालाच जमतं.

चोच मिटून ओरडणं त्याला जमतं कसं? माणसाचा आवाज श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला, घशात तयार होतो. पक्ष्यांचं आवाजाचं यंत्र मात्र खाली असतं, श्वासनलिका दोन फुप्फुसांकडे फुटते त्या फाट्यावर. आवाज छातीत तयार होतो आणि चोच उघडण्यावाचून त्याचं अडत नाही. फुगलेल्या गळ्याच्या कातडीतूनही तो बाहेर पडतो. खिडकीच्या छज्ज्यावर पारवा घुमत असेल तर त्याच्याकडेही बघा. तोही मिटल्या चोचीनंच घुमतो. इतकी वर्षं कपाळाला आठ्या घालून ज्याला हाकललं, त्याच्याकडे मी या एका गोष्टीसाठी पाच मिनिटं उभं राहून बघितलं आहे.

पक्षी बघण्याचा आनंद म्हणून मी जे काही सांगू शकेन ते एवढंच आहे. नवा पक्षी दिसावा लागत नाही. रोजच्याच पक्ष्याबद्दल एक नवी गोष्ट कळावी लागते, आणि मग तो पक्षी दुसऱ्या दिवसापासून आधीचा राहत नाही.

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून एक उंबर आहे. तो कुणी लावलेला नाही. कुठल्या तरी पक्ष्याच्या शिटेतून बी पडलं असणार, भिंतीच्या कडेला ओल मिळाली असणार, आणि लोकांचं लक्ष जाईपर्यंत झाड तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचलं होतं. आता दर पावसाळ्याआधी सोसायटीच्या बैठकीत त्याचा विषय निघतो. गळालेली उंबरं गाड्यांवर पडतात, माश्या येतात, वाळक्या फांद्या धोकादायक आहेत. यातलं काहीच खोटं नाही. फक्त, ज्या वाळक्या फांदीचा ठरावात उल्लेख असतो, तिच्या खालच्या अंगाला अगदी कंपासनं काढल्यासारखं गोल भोक आहे. तांबट आपल्या चोचीनं असं भोक कोरून आत घर करतो, आणि त्याची चोच जिवंत, कठीण लाकडात चालत नाही. त्याला मेलेली, मऊ पडलेली फांदीच लागते. भोक खालच्या बाजूला ठेवलं की पाऊस आत शिरत नाही. नर आणि मादी दोघं आळीपाळीनं कोरतात. आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना दुर्बिणीतून ते भोक दाखवलं तेव्हा काका म्हणाले, “हे भाडं देतात का?” पण पुढच्या बैठकीत फांदीचा विषय त्यांनीच पुढे ढकलायला लावला.

तर हा उंबर. कुणी फार दिवसांनी भेटलं की आपण त्याला उंबराचं फूल म्हणतो, कारण ते फूल कुणाला दिसत नाही. दिसत नाही कारण ते आत असतं. ज्याला आपण कच्चं उंबर म्हणतो ती आतून पोकळ अशी मांसल पिशवी आहे आणि तिच्या आतल्या भिंतीवर शेकडो बारीक फुलं गच्च बसलेली असतात. बाहेरच्या जगाशी संबंध येतो तो टोकाशी असलेल्या एका चिमुकल्या छिद्रातून. मधमाशी तिथे जाऊ शकत नाही, फुलपाखरू जाऊ शकत नाही. जाते ती फक्त दोनेक मिलिमीटरची एक गांधीलमाशी. तिच्या वंशाचं शास्त्रीय नाव सेराटोसोलेन. वडाची वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी.

तिची कहाणी ऐकून ठेवा, पुढचं उंबर तुम्ही सहज तोंडात टाकणार नाही. मादी त्या छिद्रातून आत घुसते तेव्हा वाट इतकी चिंचोळी असते की तिचे पंख तुटून पडतात. आता परतीचा प्रश्नच नाही. अंगावर आणलेले पराग ती आतल्या फुलांवर टाकते, काही फुलांमध्ये अंडी घालते आणि तिथेच मरते. काही आठवड्यांनी पिल्लं तयार होतात. आधी नर बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात. अजून फुलाच्या गाठीत कोंडलेल्या माद्यांशी ते तिथेच मीलन करतात, मग उंबराच्या सालीतून बाहेर जाणारं एक भुयार कोरतात आणि मरतात. उजेड दिसला न दिसला एवढंच त्यांचं आयुष्य. माद्या जाता जाता तोवर उमललेल्या नरफुलांचे पराग गोळा करतात आणि त्या भुयारातून बाहेर उडतात. त्यांच्याकडे एक-दोन दिवस असतात. तेवढ्यात दुसरं, नेमक्या योग्य अवस्थेतलं कच्चं उंबर असलेलं झाड सापडलं पाहिजे.

आणि इथे पक्ष्यांचा संबंध येतो. आंब्यासारखं सगळ्या उंबरांनी एकाच मोसमात फळायचं ठरवलं, तर या माशीला उरलेले महिने जागा कुठली? माशी संपेल, आणि माशी संपली की उंबरही संपेल. म्हणून एका परिसरातले उंबर आपापल्या वेळापत्रकानं, वर्षातून अनेकदा फळतात. एखादं झाड रिकामं झालं तरी पलीकडच्या गल्लीत दुसरं लगडलेलं असतं. माशीच्या सोयीनं चाललेल्या या व्यवहारात बारमाही खानावळ उघडली गेली आहे, आणि त्या खानावळीची गिऱ्हाइकं आमच्या मागच्या भिंतीवर येतात. चैत्रात, जेव्हा बाकी झाडांवर खाण्यासारखं फार काही नसतं, तेव्हाही.

उंबर भरात असताना चहाचा कप संपेपर्यंत खिडकीत उभं राहिलं तरी पुष्कळ हजेरी लागते. बुलबुल जोडीनं येतात. साळुंक्या टोळीनं येतात आणि येण्याआधीपासून भांडत असतात. पोपट एक चावा घेऊन उंबर टाकून देतात, खाली गाड्यांवर जे पडतं त्यातलं निम्मं त्यांचं पाप. कोकीळ मात्र चोरासारखा येतो. एरवी झाडाच्या शेंड्यातून गाव डोक्यावर घेणारा हा काळा, लाल डोळ्यांचा नर खाताना एक शब्द काढत नाही, कारण याच झाडावर वरच्या बेचक्यात कावळ्याचं घरटं आहे. त्या घरट्यातच त्याच्या मादीला अंडं ठेवायचं असतं. मादी काळी नाही. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, आणि गाण्याच्या नावानं तिच्याकडे फक्त एक कर्कश किक्-किक्. कोकीळ-कावळ्याची गोष्ट सगळ्यांना शाळेपासून पाठ आहे, तेव्हा ती पुन्हा सांगत नाही. एकच जोडतो. कोकिळेचं अंडं कावळ्याच्या अंड्यापेक्षा काही दिवस आधी फुटतं. पहिला घास कुणाला मिळतो, हे तिथेच ठरतं.

राखी धनेश कधीतरी येतो आणि त्या दिवशी सोसायटीतली मुलं शाळेची बस चुकवायला तयार असतात. त्याची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते. शीट वगैरे लिंपून तोंड बुजवते आणि चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. नर त्या फटीतून आठवडेच्या आठवडे तिला आणि पिल्लांना भरवतो. भरवणीत मुख्य जिन्नस वड, पिंपळ, उंबर यांची फळं. खालच्या मजल्यावरच्या मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “बाळंतपण करावं तर असं.”

सगळेच काही उंबरासाठी येत नाहीत. पहाटे, अजून दिवे लागलेले असताना, शेंड्यावर दयाळ गातो. काळा-पांढरा, शेपटी उभी. थंडीत हाच पक्षी कुंपणाच्या कडेनं किडे टिपत गप्प हिंडत असतो, बघणाऱ्याला वाटावं हा कुणी दुसराच. उन्हाळा लागला की त्याला कंठ फुटतो. पक्षी पहाटेच का गातात याची कारणं अगदी व्यवहारी आहेत. किडे दिसावेत एवढा उजेड नसतो, म्हणजे पोटापाण्याचा उद्योग सुरू करता येत नाही. हवा स्थिर असते, वाहनं कमी असतात, आवाज लांब जातो. आणि रात्र काढून मी अजून इथेच आहे, हद्द माझीच आहे, हे शेजाऱ्यांना कळवणं निकडीचं असतं. पण कारण व्यवहारी असलं तरी गाणं कुठे व्यवहारी आहे? आवाजाचं यंत्र श्वासनलिकेच्या फाट्यावर असतं हे वर आलंच. गाणाऱ्या पक्ष्यांना त्या फाट्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालवता येतात. एकाच वेळी, एकाच गळ्यातून दोन स्वर. हे समजून घेऊन दयाळाची एक लकेर ऐका. आपल्याकडच्या कुठल्याही बुवाला ही सोय नाही.

खालच्या कुंड्यांमध्ये शिंपी असतो. याचं वजन दहा रुपयांच्या नाण्याच्या आसपास, आणि आवाज असा की फोनवर बोलणाऱ्यानं दार लावून घ्यावं. हा पक्षी खरोखर शिवतो. रुंद पानाच्या कडांना चोचीच्या टोकानं बारीक भोकं पाडतो, कोळ्याच्या जाळ्याचा किंवा कापसाचा धागा त्यातून ओवतो, आणि दोन कडा, कधी दोन-तीन पानं, एकमेकांजवळ आणून त्यांची नळी करतो. आपण म्हणतो तशी ती सलग शिवण नसते. प्रत्येक टाका सुटा असतो. धाग्याचं टोक भोकाबाहेर आलं की ते पिंजारून फुगतं आणि तिथेच अडकून राहतं, गाठ मारायची गरज उरत नाही. भोकंही बेताची, पान फाटणार नाही अशी. म्हणून शिवलेलं पान हिरवंच राहतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला झाडावर फक्त एक थोडं मुडपलेलं पान दिसतं. आत कापूस, आणि कापसात अंडी. आमच्याकडे एकदा कुंडीतलं वेडंवाकडं पान खुडायला हात गेला आणि पानातून चक्क ओरडा आला. तेव्हापासून त्या मोसमात कुंड्यांना पाणी घालायचं काम फार जपून चालतं, आणि घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते पान लांबून दाखवायचं हा एक कार्यक्रम होऊन बसतो.

घराशेजारीच बघण्यासारखं पुष्कळ असतं, म्हणून पक्षितज्ज्ञ सलीम अलींची एक हकीकत मला फार आवडते. १९३०च्या सुमाराला ते जर्मनीत पक्षिशास्त्र शिकून मुंबईला परत आले, तर संग्रहालयातली त्यांची जागा पैशांअभावी रद्द झालेली. मुंबईचा खर्च परवडेना म्हणून अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. हातात नोकरी नाही, वेळ भरपूर. ते त्या घरट्यांसमोर बसू लागले. सुगरण हा आपल्याकडे कौतुकाचा, कवितांचा, पाठ्यपुस्तकांचा पक्षी. पण तिचं घर नेमकं कसं मांडलं जातं हे तोवर कुणी नीट बघितलंच नव्हतं. त्यांनी पाहिलं ते असं. विणतो नर. घरटं अर्धं झालं की तो थांबतो. माद्या येतात, अर्धवट घर आतून-बाहेरून तपासतात, एखादी पसंत करते. मग तो पुढचं विणकाम पुरं करतो, मादी आत अंडी घालते, आणि हा शेजारीच दुसरं अर्धं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. पुढे जगभर ज्याचा उल्लेख होत राहिला असं हे निरीक्षण एका बेकार माणसानं घराशेजारी बसून केलेलं आहे. मोहीम नाही, जंगल नाही. नवीन दुर्बीण घेतली की लगेच भिगवणला रोहित बघायला धावणाऱ्यांना मी हे सांगतो. भिगवणला जावंच, मीही जातो. पण रोहित वर्षातून एखादा दिवस दिसणार, आणि शिंपी रोज सकाळी दात घासताना.

ऑक्टोबर उजाडला की उंबरात एक परदेशी दाखल होतो. हिरवट वटवट्या. दिसायला काहीच नाही: वरून मळकट हिरवा, खालून मळकट पांढरा, भुवईची एक फिकट रेघ. पानांत सतत हलत राहतो आणि दोन अक्षरी चिवचिव करतो, तेवढ्यावरूनच ओळखायचा. हा शिंप्याएवढाच, दहाच्या नाण्याच्या तोलाचा जीव हिमालयातून किंवा त्याच्याही पलीकडून, मध्य आशियातून, सैबेरियातून आलेला असतो. रात्री उडत. उन्हाळ्यात परत जाणार. हिवाळाभर तो झाडांचा एक ठरावीक टापू धरून राहतो आणि दुसरा वटवट्या आला की हाकलून लावतो.

वाट कशी सापडते? याचं एक उत्तर अमेरिकेतल्या एका तारांगणात मिळालं. १९६०च्या दशकात स्टीफन एमलेन या संशोधकानं इंडिगो बंटिंग नावाचे छोटे स्थलांतरी पक्षी तारांगणात आणले. त्यानं प्रत्येकाला नरसाळ्याच्या आकाराच्या पिंजऱ्यात ठेवलं. तळाशी शाईचा पॅड, बाजूंना कोरा कागद. स्थलांतराच्या दिवसांत पक्षी अस्वस्थ होऊन ज्या दिशेला उड्या मारील, तिकडे शाईचे पाय उमटायचे. पक्षी ताऱ्यांवरून दिशा धरतात हे त्यातून दिसलं. पण खरी कमाल पुढे आहे. पिल्लांच्या एका गटाला त्यानं असं खोटं आकाश दाखवलं, की सगळे तारे ध्रुवाऐवजी मृग नक्षत्रातल्या तांबूस काक्षी ताऱ्याभोवती फिरताहेत. ती पिल्लं मोठी झाल्यावर काक्षीलाच उत्तर दिशा समजून वागली. म्हणजे ताऱ्यांचा नकाशा जन्मतः डोक्यात नसतो. पिल्लू रात्री आकाशाकडे बघून, कुठला भाग स्थिर आहे आणि बाकीचं कशाभोवती फिरतंय, हे स्वतः शिकतं. आमच्या उंबरातल्या वटवट्याचा असा अभ्यास कुणी घेतला की नाही कोण जाणे, पण तो पानांत शिरताना दिसला की रात्री गच्चीवर जाऊन ध्रुव शोधावासा वाटतो, आणि शहराच्या उजेडात तो सापडेपर्यंत मान दुखते.

याच खिडकीतून समोर सिंहगडाची रेघ दिसते. तो सगळा काळा कातळ लाव्ह्याचा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग झाकून टाकणारा हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आगेमागे ओतला गेला. डायनोसॉर संपले तो काळ हाच. ते आपल्याकडेही होते. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा नावाचं गाव आहे, तिथे डायनोसॉरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. २००५ साली संशोधकांनी त्यात गवताचे सूक्ष्म अंश शोधून काढले. त्या काळात गवत नव्हतंच असा तोवरचा समज होता, तो एका विष्ठेनं मोडला. पण डायनोसॉर सगळे संपले हे अर्धसत्य. दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहारी डायनोसॉरांची एक पिसांची शाखा तगली, तीच पक्ष्यांची. साळुंकी भिंतीवरून चालताना तिचे पाय बघा. चिमणी उड्या मारते, साळुंकी चालते, एकापुढे एक पाय टाकत, मान पुढेमागे करत. पायांवर खवले. समोरच्या बिल्डिंगमधल्या सात वर्षांच्या मुलाला हे सांगितल्यापासून तो सोसायटीत कावळा दिसला की मोठ्यानं “डायनोसॉर!” म्हणून ओरडतो. शास्त्रीयदृष्ट्या त्याला कुणी गप्प बसवू शकत नाही.

पक्षी बघितल्यानं मन बरं राहतं का, हेही आता मोजून झालं आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२२ साली एक अभ्यास छापला. सुमारे १,३०० लोकांच्या फोनवरच्या ॲपनं त्यांना दिवसातून तीनदा विचारलं, आत्ता पक्षी दिसतोय का, ऐकू येतोय का, आणि वाटतंय कसं. पक्षी दिसला किंवा ऐकू आला की लोकांना बरं वाटत होतं, नैराश्याचं निदान झालेल्यांनाही, आणि त्याचा परिणाम आठ तासांपर्यंत टिकत होता. अभ्यास चांगला आहे. फक्त त्याच्या बातम्या वाचताना मला थोडी धास्ती वाटते, की आता कुणीतरी सकाळ-संध्याकाळ एकेक बुलबुल घ्यायला सांगेल. तांबटाचा गळा फुगताना बघणारा माणूस औषध घेत नसतो. त्याला पुढचा ठोका बघायचा असतो.

सुरुवात करायला लागतं फार थोडं. दुर्बीण ८×४० किंवा ८×४२ची, त्याहून ताकदवान घेतली तर हात थरथरतो आणि चित्र नाचतं. फोनवर मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे, ते आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं. आंधळा विश्वास ठेवू नका, पण कुठला पक्षी शोधायचा याचा अंदाज येतो. आणि एक वही. वहीत नावांपेक्षा उद्योग लिहावेत: कोण काय खात होता, कुणी कुणाला हाकललं, कुणी चोचीत काय नेलं. फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट नावाची जगभरची पक्षीगणना असते, भारत २०१३पासून तिच्यात आहे. एका जागी किमान पंधरा मिनिटं थांबायचं, दिसतील ते पक्षी मोजायचे आणि ई-बर्डवर यादी टाकायची. गच्ची चालते, बसथांबा चालतो, दवाखान्याबाहेरचं बाकही चालतं. कावळे तेवढे मोजायला विसरू नका. नवशिके हमखास तेच विसरतात.